मंजुश्रीची पत्रे : एका निकालाचे वाचन

पुण्याच्या मंजुश्री सारडाचा मृत्यू जून १९८२मधला. लग्नाला अवघे चार महिने झाले होते. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगणारा निकाल म्हणून वकील तो आजही उद्धृत करतात. मी तो वाचला तो पत्रांसाठी.

सासरच्या दिवसांविषयी मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिले होते. मृत्यूस कारण ठरलेल्या परिस्थितीविषयीचे मृताचे कथन म्हणून न्या. फाजल अली यांनी ही पत्रे पुरावा कायद्याच्या कलम ३२(१)खाली ग्राह्य धरली, न्या. वरदराजन यांना ते मान्य नव्हते. पण ग्राह्य ठरलेल्या पत्रांतून निघाले काय? मुलगी हळवी होती, खचली होती. म्हणून आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही. म्हणून संशयाचा फायदा आरोपीला.

माझा आक्षेप मुक्ततेवर नाही. शंका शिल्लक असताना फासावर चढवणारे न्यायालय कुणालाच नको. आक्षेप वाचनावर आहे. दुःखाच्या पत्रात लिहिणारीचा स्वभाव असतो, तशी तिच्यावर ओढवलेली परिस्थितीही असते. निकालात वजन पडले ते स्वभावाच्या पारड्यात. आत्महत्या असेल तर ती कशापायी, हा प्रश्न खुनाच्या आरोपाच्या चौकटीत मावलाच नाही.

पुण्यात याच्या नेमके उलट वाचन झाले. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरवलेल्या प्रदर्शनाचे नावच होते ‘मी एक मंजुश्री’. एकीच्या हळवेपणाची ही गोष्ट नसून अनेकींच्या घरची आहे, एवढे त्या तीन शब्दांत आले.

कायदाही तिकडेच वळला. २५ डिसेंबर १९८३पासून लागू झालेल्या कलम ४९८-अ मध्ये, स्त्रीला आत्महत्येस प्रवृत्त करील असे वर्तन हीच क्रूरतेची एक व्याख्या झाली. बचावाला उपयोगी पडलेला मजकूर आता फिर्यादीचा आधार होऊ शकत होता. २००५च्या कायद्याने जिवंतपणीच संरक्षण मागण्याची वाट दिली. १ जुलै २०२४पासून ४९८-अ ची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे.

कलमांचे आकडे बदलले. पत्रांच्या जागी आता मोबाइलवरचे संदेश आले. ते वाचताना बाई कशी होती हे आधी शोधायचे, की तिच्यावर काय गुदरले हे? या प्रश्नाचे उत्तर कलमात नाही, वाचणाऱ्यात आहे.