काळ, निवड आणि प्रीती : लघु प्रणयप्रधान दृश्यकादंबरीचे गुणदोष

१

प्रीतीचे चित्रण करू पाहणाऱ्या कथाकारापुढे एक जुनी अडचण नेहमीच उभी असते. प्रीती जडण्यास काळ लागतो, आणि लेखकाजवळ पृष्ठे मात्र मोजकी असतात. कादंबरीकार ही अडचण विस्ताराने सोडवितो, लघुकथाकार सूचकतेने. गेल्या तीन-साडेतीन दशकांत जपानमध्ये वाढीस लागून इतरत्र पसरलेल्या 'व्हिज्युअल नॉव्हेल' या प्रकारात, आणि विशेषतः त्याच्या लघु व प्रणयप्रधान शाखेत, हीच अडचण नव्या रूपाने उपस्थित झाली आहे. या शाखेच्या गुणदोषांची चर्चा बहुधा वाचकास निवडीचे स्वातंत्र्य किती मिळते, या अंगाने होते. ती दिशा चुकीची नसली तरी अपुरी आहे. या प्रकारातील यशापयशाचे मर्म निवडीपेक्षा काळाच्या योजनेत आहे, हे चार कृतींच्या आधारे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम प्रकाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. दृश्यकादंबरी संगणकाच्या पडद्यावर वाचावयाची असते. मागे स्थळाचे चित्र, त्यावर पात्राची आकृती, खाली किंवा सर्व पडद्यावर मजकूर, जोडीस संगीत आणि कधी पात्रांचे आवाज, अशी तिची सामान्य मांडणी असते. वाचकाने कळ दाबली म्हणजे पुढचे वाक्य प्रकट होते. कित्येक कृतींत मधूनमधून दोन-तीन पर्याय पुढे येतात व त्यांतील निवडीप्रमाणे कथेस फाटे फुटतात. चुनसॉफ्ट या संस्थेची 'ओतोगिरिसो' (१९९२) ही कृती 'साउंड नॉव्हेल', म्हणजे ध्वनिकादंबरी, या नावाने पुढे आली. लीफ या संस्थेने १९९६ मधील 'शिझुकु'पासून आपल्या मालिकेस 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव दिले, आणि तेच पुढे रूढ झाले. २००४ मध्ये 'रेनपाय' हे विनामूल्य साधन उपलब्ध झाल्यावर एकट्यादुकट्या लेखकासही अशी कृती रचणे शक्य झाले. या साधनाच्या नावातच प्रणय या अर्थाचा 'रेन्आइ' हा जपानी शब्द दडलेला आहे. एका किंवा दोन बैठकींत वाचून होणाऱ्या, बहुधा विनामूल्य दिल्या जाणाऱ्या लघु कृतींचा प्रसार यानंतर विशेष झाला.

२

लघु कृतींचा प्रमुख दोष समजण्यासाठी त्यांच्या एका दीर्घ पूर्वजाकडे पाहणे इष्ट आहे. कोनामी या संस्थेची 'तोकिमेकी मेमोरियल' (१९९४) ही काटेकोर अर्थाने दृश्यकादंबरी नव्हे. ती प्रणयाचा खेळ आहे. परंतु पुढील प्रणयप्रधान कृतींच्या कल्पनाविश्वावर तिची छाप दीर्घकाळ राहिली. तीत नायकाची माध्यमिक शाळेतील तीन वर्षे दिनदर्शिकेच्या क्रमाने उलगडतात. अभ्यास, व्यायाम, भेटीगाठी यांचा हिशेब अंकांत ठेवला जातो, आणि पदवीदानाच्या दिवशी एका झाडाखाली नायिकेने दिलेल्या प्रेमाच्या कबुलीत त्याची परिणती होते. ही कल्पना यांत्रिक आहे खरी. परंतु तिच्यात ऋतू पालटतात, सुट्ट्या येतात, भेट ठरते आणि चुकते. अंकांच्या मागे निदान दिवसांची एक लांब रांग उभी असते.

लघु प्रणयकृतींपैकी पुष्कळांनी या वारशातून अंक तेवढे उचलले आणि दिवस टाकून दिले. नायिकेस रुचेल असे उत्तर तीन-चार वेळा निवडले की ती अनुरक्त होते. जे मनोगत दीर्घ सहवासाने उमलावयाचे, ते अचूक उत्तराचे बक्षीस होऊन बसते. येथे हानी केवळ संभाव्यतेची होत नाही. प्रीतीत दुसऱ्या व्यक्तीचे दुसरेपण मान्य करावे लागते. तिचे मन आपल्या हिशेबात बसेलच असे नसते. अंकांच्या वहीत मात्र तिचे मन म्हणजे उलगडावयाचे एक कोडे ठरते. पुनर्वाचनात हा दोष अधिकच उघडा पडतो. आधी वाचलेला मजकूर वेगाने ओलांडण्याची सोय या कृतींत सामान्यतः असते. त्यामुळे दुसऱ्या नायिकेचे प्रेम पहिलीपेक्षा किती तरी थोड्या अवधीत हस्तगत होते. विविध मार्गांच्या विपुलतेने कृती समृद्ध झाल्याचा आभास होतो. वस्तुतः प्रत्येक मार्गामागे प्रीतीचे मोल उतरत जाते.

या दोषावर प्रकारातूनच उमटलेली टीका म्हणून टीम साल्व्हाटोच्या 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' (२०१७) या कृतीकडे पाहता येते. शाळेतील वाङ्मयमंडळात नायक कविता लिहितो. त्यासाठी वाचकाने वीस शब्द निवडावयाचे असतात, आणि प्रत्येक शब्द मंडळातील तीन मुलींपैकी कोणा एकीच्या आवडीचा असतो. कविता ही आत्माविष्काराची वस्तू. येथे ती खुशामतीचे साधन बनते, आणि वाचक हे निमूटपणे करतो. मंडळाची प्रमुख मोनिका हिच्यासाठी मात्र या हिशेबात रकानाच नाही. पुढे तीच या साऱ्या व्यवस्थेस जागी होते आणि प्रणयाच्या वेषातील कथा भयकथा ठरते. वहीबाहेर राहिलेल्या पात्राने वहीच फाडावी, ही कल्पना मार्मिक आहे. तथापि ती निषेधाची कल्पना होय. अंकांवाचून प्रीती कशी रंगवावी, याचे उत्तर तिच्यात शोधता येत नाही. ते उत्तर अन्यत्र आहे.

३

जपानी लेखक तोमो काताओका यांची 'नार्सिसु' (२००५) ही स्टेज-नाना या मंडळाने विनामूल्य प्रसृत केलेली कृती या दृष्टीने लक्षणीय आहे. रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावर असाध्य रोगाचे रुग्ण ठेवलेले असतात. तेथे आलेल्या एका तरुणास सेत्सुमी नावाची तरुणी भेटते. मरण घरी यावे की सातव्या मजल्यावर, एवढीच निवड तेथील रुग्णांस उरलेली असते. दोघेही दोन्ही पर्याय नाकारतात, तरुणाच्या वडिलांची मोटार घेऊन निघतात आणि नार्सिससची फुले पाहण्यासाठी आवाजी बेटाच्या दिशेने जातात.

या कृतीत वाचकास एकही पर्याय दिलेला नाही. निवडीचा प्रश्न पात्रांचा आहे, वाचकाचा नव्हे. आणि त्यामुळेच त्यास गांभीर्य लाभले आहे. चित्रे अरुंद पट्टीत बसविलेली असून पुष्कळ वेळा त्यांत रस्ता व आकाश यांखेरीज फारसे काही नसते. पात्रांचे आवाज ऐकावयाचे की मजकूर मुकाट्याने वाचावयाचा, हे वाचकाने आरंभीच ठरवावयाचे असते. वाचक कळ दाबतो, एक लहानसे वाक्य येते, पुन्हा रस्ता दिसतो. कथेतील प्रवास आणि वाचनाची गती यांचा असा मेळ बसल्याने थोड्या मजकुरातही लांब सहवासाचा प्रत्यय येतो. दोघांपैकी कोणीही प्रेमाचा उच्चार करीत नाही. अनुरागाचे सूचन घडते ते मोटारीविषयीच्या, वाटेविषयीच्या, पैशांविषयीच्या बोलण्यातून. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे अनुभाव फार थोडे व फार मंद आहेत. परंतु त्यांस पुरेसा अवकाश दिलेला आहे.

तरीही याच कृतीत या शाखेचा दुसरा मोठा दोष बीजरूपाने आढळतो. शेवटी सेत्सुमी समुद्राकडे चालू लागते आणि तरुण तिला अडवीत नाही. 'नार्सिसु'मध्ये हा शेवट पहिल्या दृश्यापासून सिद्ध झालेला आहे. तो वरून आणून बसविलेला नाही. परंतु लघु प्रणयकृतींत असाध्य रोग व मृत्यू यांची जी पुनरावृत्ती दिसते, तिच्याविषयी असे म्हणता येत नाही. मृत्यूमुळे लेखकास काळाच्या जबाबदारीतून सुटका मिळते. प्रीती जडल्यानंतर ती नित्याच्या जीवनात टिकते कशी, हा अवघड भाग त्याला लिहावा लागत नाही. विश्वनाथाने विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले आहेत. लघु दृश्यकादंबरीने त्यांपैकी बहुधा शेवटचाच जवळ केला, आणि तोही पुनर्मीलनाची आशा सोडून. ती आशा सुटली म्हणजे विप्रलंभ उरत नाही, उरतो तो निव्वळ शोक. आणि शोक स्वस्तात मिळू लागला की त्याची धार जाते.

४

चार प्रकारांपैकी पूर्वराग या प्रकारास हे माध्यम किती अनुकूल आहे, याचे प्रत्यंतर कॅनडातील लेखिका ख्रिस्टीन लव्ह यांच्या 'डिजिटल : अ लव्ह स्टोरी' (२०१०) या कृतीत येते. प्रत्यक्ष प्राप्तीपूर्वी श्रवणाने किंवा दर्शनाने जडणारा अनुराग तो पूर्वराग. या कृतीत दर्शन नाहीच. वाचकापुढे १९८८ च्या सुमाराचा संगणक आहे. दूरध्वनी क्रमांक स्वतः टाइप करून तत्कालीन संदेशफलकांशी संपर्क साधावयाचा, आलेले संदेश उतरवून घ्यावयाचे आणि वाचावयाचे, एवढाच तिचा व्यवहार. तेथेच एमिलिया नावाच्या एका व्यक्तीशी पत्रव्यवहार सुरू होतो.

या रचनेतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट अशी की, वाचकाची स्वतःची पत्रे कोठेही दिसत नाहीत. तो उत्तराची कळ दाबतो, उत्तर गेल्याचे कळते, आणि काही वेळाने एमिलियाचे प्रत्युत्तर येते. आपण काय लिहिले असावे, हे तिच्या ओळींवरून ओळखावयाचे असते. तयार उत्तरांच्या यादीतून एक उचलण्यापेक्षा ही रिकामी जागा वाचकाच्या मनास अधिक कामास लावते. क्रमांक टाइप करणे, संपर्क न जुळणे, पुन्हा प्रयत्न करणे या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कृतींनी प्रतीक्षेस देह मिळतो. एमिलिया ही मानव नसून संगणकीय बुद्धी आहे, हे उघड होईतो अनुराग रुजलेला असतो. अखेरीस ती स्वतःचा त्याग करते, तेव्हा करुणाचा आश्रय येथेही घेतला गेला, हे नाकारता येत नाही. परंतु तिची पत्रे वाचकाच्या अनुपस्थित पत्रांची उत्तरे असल्यामुळे ती निव्वळ त्याच्या इच्छेची सावली राहात नाही. तिला स्वतःचा हेतू आहे आणि शेवटचा निर्णयही तिचाच आहे.

५

पात्रांच्या ठोकळेबाजपणाचा दोष याहून वेगळा आहे. जपानी विचारवंत हिरोकी आझुमा यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, या परंपरेतील पात्रे रूढ लक्षणांच्या भांडारातून वेचून जुळविलेली असतात आणि वाचकाची आसक्तीही त्या लक्षणांवरच जडते. लघु कृतीस हे भांडार फार मोहात पाडते. केसांची ठेवण व बोलण्याची लकब यांवरून पात्राची ओळख एका क्षणात पटते आणि परिचयाचा वेळ वाचतो. वाचलेला हा वेळ म्हणजेच हरवलेली व्यक्ती होय.

ब्रायना ले यांची 'बटरफ्लाय सूप' (२०१७) ही कृती या मोहास वेगळ्या रीतीने तोंड देते. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात २००८ मध्ये घडणाऱ्या या कथेत आशियाई वंशाच्या चार शाळकरी मुली आहेत. त्यांपैकी दिया आणि आकर्षा या भारतीय वंशाच्या आहेत. बालपणीच्या मैत्रिणी दिया आणि मिन्-सो ताटातुटीनंतर बेसबॉलच्या संघात पुन्हा भेटतात व त्यांचे परस्परांवर प्रेम जडते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी समलिंगी विवाहास मनाई करणारी घटनादुरुस्ती संमत केली, हे स्मरले म्हणजे या कोवळ्या अनुरागामागील सामाजिक दडपण ध्यानी येते. कथेचे निवेदन आळीपाळीने चौघींकडे जाते. त्यामुळे एकीच्या दृष्टीने विदूषकी वाटणारी आकर्षा पुढे तिच्याच मनातून दिसते, आणि ठोकळा मोडतो. वर्तमानामागे बालपण उभे असल्याने थोड्या तासांच्या वाचनातही प्रीतीस भूतकाळ आहे. पर्याय येथे आहेत, पण ते शेवट बदलीत नाहीत. त्यांचा उपयोग विनोदासाठी व स्वभावदर्शनासाठी होतो. विशेष म्हणजे या कथेस मृत्यूची गरज लागत नाही. ती मध्येच थांबल्यासारखी थांबते, आणि २०२२ मध्ये तिचा दुसरा भागही आला.

या कृतीतही एक उणीव राहते, आणि ती बहुतांशी माध्यमाची आहे. दर कळीस एक वाक्य या पद्धतीमुळे गद्याचा परिच्छेद नाहीसा होतो. परिच्छेदात काही वाक्ये भार वाहतात, काही नुसती वाट करून देतात. एकेक वाक्य सुटे उभे राहू लागले की प्रत्येकास टाळी मिळविण्याची ओढ लागते. 'बटरफ्लाय सूप'मध्ये ती विनोदाच्या रूपाने दिसते. सामान्य कृतींत ती सुभाषितवजा खेदाच्या रूपाने दिसते. 'नार्सिसु'सारखी कृती या ओढीस आवरते, कारण तीत निरुपयोगी वाटणाऱ्या वाक्यांसही स्थान आहे.

६

वरील विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, लघु प्रणयप्रधान दृश्यकादंबरीचे खरे बळ वाचनाच्या गतीवरील तिच्या ताब्यात आहे. छापील कथेत लेखक वाचकाचा डोळा थांबवू शकत नाही; येथे तो एका वाक्यापाशी, एका रिकाम्या आकाशापाशी, न लागणाऱ्या एका दूरध्वनीपाशी वाचकास थांबवू शकतो. प्रतीक्षा ही प्रीतीची जननी मानली, तर हे सामर्थ्य सामान्य नव्हे. ज्या कृती ते वापरतात, त्यांत थोडक्या अवधीतही काळ साठतो. ज्या कृती त्याऐवजी निवडीचे अंक पुढे करतात, त्यांत वाचकास स्वातंत्र्याचा भास मिळतो आणि प्रीतीचे दुसरे माणूस मात्र हरवते.

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकाराकडे खेळ म्हणून पाठ फिरविणे जितके अनुचित, तितकेच नवे म्हणून त्याचे कौतुक करणेही अनुचित होय. त्यास लावावयाची कसोटी जुनीच आहे. अनुराग ज्याच्यावर जडला ते पात्र, कथा संपल्यावरही, वाचकाच्या इच्छेहून वेगळे असे स्वतःचे मन राखून उभे राहते काय? येथे विचारात घेतलेल्या कृतींत सेत्सुमी, एमिलिया आणि दिया या कसोटीस उतरतात. अंकांच्या बेरजेतून वश झालेल्या नायिका उतरत नाहीत. त्यांची नावेही लवकर विसरली जातात.