सोसले किती, आणि कोणासाठी?

प्रवासात ज्याने फार सोसले त्याचे पुस्तक थोर, असा एक समज वाचकांमध्ये रुजला आहे. किती कोस चालला, किती दिवस उपाशी राहिला, पायाला किती फोड आले, याची मोजणी करायची आणि ‘केवढी ही जिद्द!’ म्हणून पुस्तक मिटायचे. वारकरी मंडळी, हा झाला पूर्वपक्ष. आपण माळकरी माणसांनी तो तसाच मान्य करावा का, एवढाच या लेखाचा विषय. त्यासाठी मराठीतली पाच लिखाणे समोर घेऊ. त्यांत आत्मकथने आहेत, एक लेख आहे, एक कादंबरी आहे. पाचही अवघड वाटेची आहेत.

पण आधी आपले माप ठरवू. आमचे केम हे करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे गाव. श्रीउत्तरेश्वर आणि कुंकू या गावाच्या दोन ओळखी. येथून गाडीने कुर्डुवाडी जवळ, आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांची गाडी १९०६ साली सुरू झाली. आता तेथे रुंद रूळ आहेत, शिवाय एसटी आहे. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे आमच्या भागातल्या माणसावर पंढरीला पायी जाण्याची सक्ती नाही. तरीही त्र्यंबकेश्वराहून निघालेली श्रीनिवृत्तिनाथांची पालखी आषाढीसाठी आमच्या तालुक्यातून पायीच जाते, आणि गावोगावची माणसे घरचे काम बाजूला ठेवून तिच्यात मिसळतात.

नुसते अंतर कापायचे असते तर गाडी बरी होती. वारकरी चालतो तो नेमासाठी आणि संगतीसाठी. पुढे पताका, मागे वीणा, मध्ये डोक्यावर तुळस घेतलेली माउली. आपल्या पायाला फोड आला तर शेजारचा तेल लावतो, त्याला आला तर आपण लावतो. मुक्कामाला कोणी आपल्या फोडांचे कौतुक सांगत बसला तर दिंडीतले जुने लोक गालात हसतात. कष्ट सगळ्यांनाच आहेत, मग मिरवायचे कोणापुढे? यातून आपल्याला पुस्तक पारखायचे माप मिळते. हा किती चालला, हे नंतर विचारू. चालताना याला वाटेवरचे कोण दिसले, आणि परतताना याने काय आणले, हे आधी विचारू.

पहिले पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही बातमी ऐकून १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. निघाले होते चार पैसे मिळवायला, आणि सापडले बंडात. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. तोफा, लूट, जळणारी घरे, रस्त्यात पडलेली प्रेते, हे सारे त्यांनी पाहिले. मिळवलेली दक्षिणा लुटली गेली. पुढे कित्येक कोस भीतीत आणि उपासात काढले. चिंतामणराव वैद्यांनी हे लिखाण १९०७ साली प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून मराठी माणूस ते झाशीच्या राणीची हकीकत म्हणून वाचत आला.

माळकरी वाचकाने ते आणखी एका कारणासाठी वाचावे. भटजी काही वीर नव्हते. त्यांना भीती वाटते, भूक लागते, चांगले जेवण मिळाले की ते मोकळेपणाने सांगतात. आपल्या सोसण्याला ते कुठेही रंग देत नाहीत. आणि परत येताना पैशाची आशा उरलेली नसताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन येतात. घरी आल्यावर त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतात. ज्या कर्जासाठी निघाले ते कारण वाटेत गळून पडले, आणि जे घरच्यांसाठी आणायचे ते खांद्यावर राहिले. कावडीचा नियम आपल्याला माहीत आहे. तिच्यातले पाणी वाहणाऱ्याने प्यायचे नसते. अख्ख्या प्रवासाची समजूत या एका ओझ्यात आहे.

पण आपले माप पुरते लावले तर एक उणेही सांगितले पाहिजे. भटजींनी पाहिले पुष्कळ, तरी त्यांची नजर आपल्या पंक्तीपलीकडे फारशी जात नाही. वाटेवर मदत करणाऱ्या कितीतरी माणसांचे पुढे काय झाले, याची चौकशी ते करत नाहीत. ते त्या काळाचे आहे, असे म्हणून आपण पुढे जाऊ शकतो. पण पुढची लेखिका आपल्याला तसे जाऊ देत नाही.

इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ या १९४९ सालच्या संग्रहात आहे. बाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, माहेर-सासर दोन्ही नामांकित. त्या ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर चालल्या. वारीचा आनंद, ओव्यांचा नाद, बायकांचे एकमेकींशी पटकन जुळणारे मैत्र, हे त्यांनी इतके जिव्हाळ्याने लिहिले आहे की आपल्यापैकी कोणालाही वाचताना आपलीच दिंडी दिसेल. महाराष्ट्र म्हणजे काय, याची नवी व्याख्या त्यांना या वाटेवर सापडली. पंढरीला ज्या देशाची माणसे जातात तो महाराष्ट्र, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आजही व्याख्यानांतून ऐकू येते.

व्याख्यानांतून जे ऐकू येत नाही ते मला येथे सांगायचे आहे. त्याच लेखात बाईंना एक सल आहे. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण बायका होत्या आणि मराठ्यांच्या बायका होत्या. दिवसभर एकत्र चालायचे, एकच अभंग म्हणायचा, आणि मुक्कामाला जेवण मात्र वेगवेगळे. टाळ एक, चूल वेगळी. बाई दोन्हीकडच्या झाल्या, त्या दुसऱ्या पंक्तीत जाऊन जेवल्या, तेव्हा कुठे तिकडच्या मैत्रिणी मोकळ्या झाल्या. ही एकी परलोकापुरतीच का, असा प्रश्न त्यांना पडला. ज्या काळात हे लिहिले गेले तो लक्षात घ्या. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले, तेव्हा विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना उघडले. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. आपण रोज तिला नमस्कार करतो. ती बाहेर का आहे, हे कितीदा मनात येते?

या लेखावर एक आक्षेप घेतात. बाई अभ्यास करायला आल्या होत्या, चार दिवस चालल्या आणि उणे काढून गेल्या, असा. मला तो पटत नाही. उणे काढणारा माणूस लांब उभा राहतो. या बाई दोन्ही पंक्तींना जेवल्या. ज्याला वाटेची गोडी लागली त्यालाच तिच्यातला खडा टोचतो. दिंडीबद्दल गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. गोड लिहून खरे सांगणारा हा लेख दिंडीच्या मुक्कामाला मोठ्याने वाचावा, इतक्या मोलाचा आहे.

तिसरे नाव दि. बा. मोकाशी. पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करणारा हा कथाकार पालखीबरोबर चालला आणि १९६४ साली त्याने ‘पालखी’ लिहिले. मोकाशी परंपरेने वारकरी नव्हते. आपल्या मनात श्रद्धा आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते त्यांनी लपवले नाही. ते माणसांना विचारत चालतात. का येता? घरी कोण आहे? शेत कोणाच्या भरवशावर टाकले? कोणाची उत्तरे धड येत नाहीत, कोणी हसून टाळतो, कोणी घरचे दुःख सांगतो. शेवटी या सगळ्याचा अर्थ असा, असे सांगणारे निरूपण पुस्तकात नाही. काहींना ही उणीव वाटते. मला तो या पुस्तकाचा मोठा गुण वाटतो. न मिळालेली श्रद्धा मिळाल्यासारखी दाखवणे सोपे होते, आणि असे पुस्तक खपलेही असते. मोकाशींनी तो मोह टाळला. आपल्यातही नेम चुकवत नाहीत पण मनात शंका घेऊन चालतात असे पुष्कळजण आहेत. त्यांना या पुस्तकात सोबती मिळेल.

त्याच मोकाशींची ‘आनंद ओवरी’ ही १९७४ ची कादंबरी. तुकोबा नाहीसे झाले आहेत, आणि त्यांचा धाकटा भाऊ कान्होबा सांगतो आहे. थोरांच्या वाटेवर आपण नेहमी थोरांच्या मागे चालतो. ही कादंबरी मागे राहिलेल्यांच्या बाजूने चालते. घर आहे, आवली आहे, मुले आहेत, संसार कोणीतरी ओढायचा आहे. जो गेला तो वैकुंठाला गेला, पण सकाळी उठून चूल कोणी पेटवायची? कान्होबाचे शोधणे आणि आठवणे हाही एक अवघड प्रवासच आहे, आणि त्याला शेवट नाही. कथेतून अभंगांची थोरवी तसूभरही कमी होत नाही, घराला पडलेली किंमत मात्र दिसू लागते. वारीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे घरी गुरांना वैरण टाकणारे कोणी असते. त्याची वारी लिहायला मोकाशींसारखा माणूस लागतो.

आता शेवटचे पुस्तक, आणि माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत अवघड. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, १९८० सालचे. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फलटण भागातल्या कैकाडी कुटुंबाची ही कहाणी. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, टोपल्या विणायच्या, गावाबाहेर पाल टाकायचे, चार दिवसांनी उठायचे. त्यातच एका मुलाने शाळा शिकायची. फलटण हा ज्ञानोबारायांच्या पालखीचा मुक्काम. म्हणजे ज्या मुलखात पालखी आली की घराघरांतून भाकरी निघते, त्याच मुलखात हे बिऱ्हाड आले की लोक हाकलतात, संशय घेतात. वाट तीच आहे. वारकऱ्याने ती निवडली आहे, आणि यांच्या नशिबी ती लादली गेली आहे.

‘उपरा’ वाचून ‘केवढी जिद्द!’ म्हणणाऱ्या वाचकाने या पुस्तकावर अन्यायच केला, असे मी म्हणेन. लेखक आपली जिद्द दाखवायला लिहीत नाही. ही वाट माझ्या माणसांना का चालावी लागते, असे तो विचारतो आहे. त्याची भाषा आपल्या कानाला खडबडीत लागेल, शिव्या आहेत, राग आहे. पण ज्या संप्रदायाने मडकी घडवणाऱ्या गोरोबांची, मेलेली गुरे ओढणाऱ्या चोखोबांची आणि दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंची बोली देवाची भाषा मानली, त्याने खडबडीत भाषेला नाक मुरडू नये.

आता उत्तरपक्ष. केममध्ये बसून लिहितो आहे, तेव्हा दृष्टान्तही कुंकवाचाच घेतो. हळद कितीही कुटली तरी ती पिवळीच राहते. तिला चुना लागला की रंग पालटतो, हे घरातली प्रत्येक माउली जाणते. कष्ट म्हणजे कुटणे. नुसत्या कष्टाने माणसाचा रंग बदलत नाही. कष्ट सोसून कित्येक माणसे उलट कठोर होतात, ‘मी एवढे सोसले, तुम्हीही सोसा’ म्हणू लागतात. दुसऱ्याच्या दुःखाचा स्पर्श झाला की मगच त्या कष्टाचे कुंकू होते. भटजींना आईवडिलांचा स्पर्श होता, इरावतीबाईंना पलीकडच्या पंक्तीचा, मोकाशींना वाटेवरच्या आणि घरी राहिलेल्या माणसांचा, मान्यांना आपल्या अख्ख्या बिऱ्हाडाचा. म्हणून ही पुस्तके टिकली. केवळ सोसण्याची मोजदाद असलेली कितीतरी प्रवासवर्णने आली आणि विसरली गेली.

हे माप पुस्तकांना लावले तसे आपल्यालाही लावावे लागेल. आषाढीच्या दिवसांत आपल्या भागातल्या रस्त्यांवर पाण्याचे पिंप, चहा, पिठले-भाकरी घेऊन गावेच्या गावे उभी असतात. ही आपली श्रीमंती आहे. दिवाळीच्या सुमारास त्याच रस्त्यांवरून मराठवाड्यातली ऊसतोडणीची माणसे आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, भांडी, कोंबड्या, मांडीवर मूल. त्यांच्या हातात पताका नसते, गळ्यात टाळ नसतो. म्हणून त्यांना कोणी ‘माउली’ म्हणत नाही. त्यांच्या पालांना पाणी कुठून मिळते, त्यांच्या मुलांना शाळेत कोणी बसवते का, हे आपण विचारतो का?

‘उपरा’ मिटून ठेवल्यावर माझ्यापुरता हाच प्रश्न उरला. आपल्यालाही तो पडो, म्हणून हा लेखनप्रपंच. या चातुर्मासात यातले एक तरी पुस्तक आणा. ग्रंथालयात मिळेल, शेजाऱ्याकडे मिळेल. पोथीच्या जागी नको, पोथीनंतर वाचा. आणि कार्तिकीनंतर ट्रॉल्या येऊ लागल्या की आषाढातला तो पाण्याचा पिंप पुन्हा एकदा रस्त्याला काढा.

रामकृष्ण हरी.