चाकणचा कोट आणि ‘यवनसेना’

मराठी ऐतिहासिक कादंबरी वाचताना एक शब्द आम्हाला सारखा अडवतो. तो म्हणजे ‘यवनसेना’. हरिभाऊ आपटे आणि नाथमाधव यांच्या काळापासून तो चालत आला आहे. मुळात यवन म्हणजे ग्रीक. पुढे तो मुसलमानाला चिकटला आणि कादंबरीत येईपर्यंत त्याची एक सेना झाली. ही सेना टोळधाडीसारखी येते, ‘दीन दीन’ अशी आरोळी ठोकते, पिके तुडवते आणि प्रकरणाच्या शेवटी मार खाऊन पळते. तिच्यातला शिपाई कोठला, घरी कोणती भाषा बोलतो, त्याचा पगार किती महिने थकला आहे, शेजारच्या तुकडीशी त्याचे पटते की नाही, यातले काहीही वाचकाला कळत नाही. मावळ्याला मात्र गाव असते, आई असते, भाऊबंदकी असते. मावळ्याला हे सर्व दिल्याबद्दल आमची तक्रार नाही. कादंबरीकाराने तेवढेच कष्ट समोरच्या बाजूसाठी का घेतले नाहीत, एवढेच आमचे विचारणे आहे.

आम्ही राहतो ते माण हिंजवडीच्या पलीकडे. येथून चाकण फार लांब नाही. चाकण म्हटले की आज कारखाने आठवतात. इतिहासाची आवड असेल त्याला १६६० साली शाएस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे जवळजवळ दोन महिने संग्रामदुर्ग लढवणारा फिरंगोजी नरसाळा आठवतो. या भुईकोटाने त्याच्या दोनशे वर्षे आधी आणखी एक वेढा सोसला होता. तो मराठी ललित लेखनात आम्हाला कोठेही भेटलेला नाही. त्या वेढ्यात कोटाच्या आतही मुसलमान होते आणि बाहेरही मुसलमानच होते.

हकिकत फरिश्त्याने दिली आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या दारुल-तर्जुम्यासाठी फिदा अली तालिब यांनी केलेला त्याचा उर्दू अनुवाद आमच्या हाती प्रथम आला. भ. ग. कुंटे यांनी फरिश्ता मराठीतही आणला आहे, त्यामुळे फारसी येत नाही ही सबब मराठी कादंबरीकाराला उरलेली नाही. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद (कारकीर्द १४३६ ते १४५८) याने मलिक-उत-तुज्जार खलफ हसन बसरी या सरदाराला कोकण जिंकायला पाठवले. नावाप्रमाणे हा बसऱ्याचा, मूळचा व्यापारी. त्याने चाकणला ठाणे केले. वाटेत त्याने शिर्के नावाच्या मराठा सरदाराला पकडले आणि धर्म बदल नाहीतर मर, असे फर्मावले. शिर्क्यांनी डोके चालवले. मी एकटा मुसलमान झालो तर खेळण्याचा शंकरराव मला हिणवील, आधी त्याला जिंका, वाट मी दाखवतो, असे ते म्हणाले. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. शिर्क्यांनी फौज सह्याद्रीच्या दाट रानात नेऊन सोडली आणि तिकडे शंकररावाला निरोप धाडला. रात्री छापा पडला. खलफ हसन मारला गेला. त्याच्याबरोबर मदिना, करबला आणि नजफ येथले पाचशे सय्यद कापले गेले.

येथवरची गोष्ट कोणत्याही मराठी कादंबरीत शोभली असती. खरी गोष्ट यानंतरची आहे. त्या रानात शिरायला फौजेतल्या बऱ्याच दख्खनी आणि हबशी सरदारांनी आधीच नकार दिला होता आणि ते मागे राहिले होते. वाचलेले परदेशी शिपाई चाकणच्या कोटात परतले आणि या सरदारांच्या चुकारपणाविषयी आता सुलतानाला कळवणार, असे उघड बोलू लागले. दख्खनी सरदारांनी त्यांच्या आधी बिदरला पत्र पाठवले : हे लोक फितूर झाले आहेत, बंडाच्या तयारीत आहेत. सुलतानाने, फरिश्ता म्हणतो त्याप्रमाणे नशेत, त्यांच्या कत्तलीचा हुकूम दिला. आतल्यांनी बाहेर पाठवलेली पत्रे वाटेतच अडवली गेली. सुमारे दोन महिने वेढा चालला. कोट पडेना, तेव्हा शपथा वाहून अभय देण्यात आले, मेजवानीचे आमंत्रण झाले आणि जेवणावर बसलेल्यांवर तलवारी चालल्या. फरिश्त्याचा आकडा बाराशे सय्यद आणि सुमारे हजार इतर परदेशी असा आहे. मुलाबाळांचीही गय झाली नाही. कासिम बेग नावाचा सरदार काही लोकांसह लढत लढत निसटला, बिदरला पोहोचला आणि त्याने खरा प्रकार सुलतानाच्या कानावर घातला. मग दख्खनी सरदारांना शिक्षा झाल्या.

आता या प्रसंगाला ‘यवनसेना’ हा शब्द लावून पाहावा. कोणती यवनसेना, आतली की बाहेरची? बहमनी दरबारात माणसांची विभागणी दख्खनी आणि आफाकी अशी होती. आफाकी म्हणजे क्षितिजापलीकडचे : इराणी, अरब, तुर्क, मध्य आशियातले. त्यांना गरीब असेही म्हणत आणि त्या शब्दाचा अर्थ परका, परदेशी असा होता. दख्खनी म्हणजे काही पिढ्या आधी आलेल्यांचे वंशज आणि येथलेच धर्मांतरित. मौज अशी की आफ्रिकेतून विकत आणलेला हबशी दख्खनी गटात मोडत असे. म्हणजे स्थानिक कोण, हे जन्मगावावर ठरत नव्हते. वाटणी कोणाच्या ताटातून जाते यावर ते ठरत होते. आज त्याच चाकणच्या कारखान्यांत ओडिशा-बिहारचा मजूर आणि मराठवाड्याचा मजूर यांच्यात स्थानिक-परप्रांतीय हा वाद ऐकू येतो, तेव्हा हा कोट आम्हाला हटकून आठवतो. त्या कोटाच्या बाहेरच्या तटबंदीचे अवशेष १२९५ सालच्या एका हबशी सरदाराचे आहेत, अशी स्थानिक समजूत गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. खरेखोटे काही असो, चाकणच्या लोकांना आपला कोट हबशाचा म्हणण्यात संकोच वाटलेला दिसत नाही.

फरिश्ता मात्र जपून वाचायला हवा. तो स्वतः कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा, म्हणजे आफाकी. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या पदरी बसून त्याने, घटनेनंतर दीडशे वर्षांनी, हा इतिहास लिहिला. त्यामुळे त्याच्या कथेत परदेशी सारे शूर आणि भाबडे, दख्खनी सारे कपटी. शिपायांनी कोटात काय काय केले, रयतेला कसे छळले, हे तो सांगत नाही. पण पक्षपाती साक्षीदारही उपयोगाचा असतो, कारण भांडण होते हे तरी तो लपवत नाही. आमच्या कादंबऱ्यांतून ते भांडणच गायब आहे.

पुढची एक नोंद याहून बोलकी आहे. १४८६ च्या सुमारास निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने चाकणवर रात्री चढाई करून कोट घेतला. त्यात मारल्या गेलेल्या किल्लेदाराचे नाव जैनुद्दीन अली तालिश. तालिश हा कास्पियनच्या नैऋत्य काठचा, कॉकेशस डोंगराला टेकलेला मुलूख, आज इराण आणि अझरबैजान यांच्यात वाटला गेलेला. आणि कोट घेणारा मलिक अहमद कोण? फरिश्ताच सांगतो की त्याचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याचा मुलगा, लढाईत कैद होऊन मुसलमान झालेला. म्हणजे चाकणच्या तटावर त्या रात्री कॉकेशसच्या पायथ्याचे नाव लावणारा एक माणूस पाथरीच्या कुलकर्ण्याच्या नातवाशी लढत होता. दोघेही मुसलमान. एवढे कथानक तयार असताना ‘यवनसेना’ या एका शब्दावर भागवणे हा आम्हाला कल्पनाशक्तीचा आळस वाटतो.

कॉकेशसचा उल्लेख येथे उपरा नाही. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान याला फरिश्ता उस्मानी राजपुत्र ठरवतो (आजचे अभ्यासक ते मानत नाहीत), पण त्याला हिंदुस्थानात आणणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव ख्वाजा इमादुद्दीन गुर्जिस्तानी असे देतो. गुर्जिस्तान म्हणजे जॉर्जिया. यूसुफ हा स्वतःच जॉर्जियन गुलाम असावा, असेही काहींचे मत आहे. त्याची बेगम मात्र मुकुंदराव या मराठा सरदाराची बहीण. इकडे बहमनी होते तेव्हा तिकडे इजिप्तमध्ये १३८२ ते १५१७ पर्यंत सर्केशियन मामलूक राज्य करत होते. ते कॉकेशसमधून लहानपणी विकत आणलेले, घोडा आणि तलवार शिकवून वाढवलेले. पुढे इराणच्या शाह अब्बासने जॉर्जियन, सर्केशियन आणि आर्मेनियन गुलामांचे सैन्य उभारले. मध्ययुगातला सुलतान फौज अशीच गोळा करी : दूरची, नात्यागोत्याचा आधार नसलेली, म्हणून फक्त त्याच्यावर अवलंबून असलेली. त्याच हिशेबाने हवा बदलली की ती कमीही करी. पहिल्या इब्राहीम आदिलशहाने १५३४ नंतर परदेशी शिपाई चारशे ठेवून बाकीचे काढून टाकले, शियांची बारा टोकांची टोपी बंद केली आणि महसुलाचे दप्तर फारसीतून काढून ब्राह्मण कारकुनांच्या हाती, येथल्या भाषेत दिले. मराठीची ही बढती तिच्या थोरवीपोटी झाली नव्हती. ती दख्खनी गटाच्या सरशीतून झाली.

शस्त्रांचेही तसेच. कादंबरीत खानाच्या कमरेला समशेर आणि मराठ्याच्या हाती पट्टा, अशी वाटणी ठरून गेली आहे. प्रत्यक्षात विजापूरच्या चित्रांत सुलतानांच्या कमरेला अस्सल हिंदुस्थानी कट्यार दिसते आणि मराठ्यांची आवडती तलवार फिरंग, म्हणजे युरोपातून पोर्तुगीजांमार्फत आलेले पाते. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून आणलेली रघुजी भोसले यांची तलवार अशीच आहे : पाते युरोपी बनावटीचे, त्यावर अक्षरे देवनागरी. कॉकेशसच्या डोंगरी लोकांचा हाच शिरस्ता होता. तेही युरोपी पाती मिळवून त्यांना आपल्या मुठी बसवत. पात्यावरची दातेरी चंद्रकोरींची जोडखूण तिकडच्या कारागिरांनी जशी नकलली तशीच इकडच्यांनीही नकलली. दागिस्तानातल्या कुबाची या कारागिरांच्या गावाचे जुने फारसी नाव जिरहगरान, म्हणजे चिलखत विणणारे. त्यातला ‘जिरह’ आणि आपल्या जिरेटोपातला ‘जिरे’ हा एकच शब्द. महाराजांच्या मस्तकावरचा जिरेटोप आपण सर्व मानतो, आणि त्याच्या नावाचा अर्धा भाग पार कॉकेशसपर्यंत कारागिरांच्या ओळखीचा होता. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १५४९ साली ओतलेल्या आणि विजापूरच्या तटावर गेलेल्या मुलुखमैदान तोफेचा ओतारी मुहंमद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्कस्तानकडचा. तोफ हा शब्दही तुर्कीच.

विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने (१९८८) या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले, हे मान्य करायला हवे. तेथला इब्राहीमखान गारदी माणूस आहे, त्याला स्वाभिमान आहे, पेच आहे. पण तो ‘निष्ठावान मुसलमान’ या खणात बसवता येतो म्हणून वाचकाने त्याला सहज स्वीकारले, असा आमचा संशय आहे. वाचक अपवाद पचवतो. खलफ हसनच्या फौजेतला, जेवणावर बसलेला, कोणाच्याच निष्ठेच्या खणात न मावणारा एखादा नजफचा सय्यद मराठी वाचक पचवील का, ही कसोटी अजून लागलेली नाही.

आता थोडे स्वतःकडे. आम्हा मुस्लिम मराठी लेखकांनी या शब्दाला दिलेले उत्तर म्हणजे याद्या. नूरखान बेग, दौलतखान, सिद्दी इब्राहीम ही महाराजांच्या मुसलमान सेवकांची यादी आम्ही प्रत्येक व्यासपीठावर वाचतो आणि घाईत समकालीन आधार न मिळणारा मदारी मेहतरही तिच्यात घालतो. यादीची गरज का पडली ते आम्ही जाणतो. दंगलीच्या दिवसांत ती कामी आली आहे. पण यादीही माणसाला धर्मानेच मोजते. ‘यवनसेना’ म्हणणारा लेखक सर्वांना एका रांगेत पलीकडे उभा करतो, आम्ही थोड्यांना निवडून अलीकडे आणतो. रांग तशीच राहते. आणि घरी? घरी आम्हीच आपले मूळ मदिना, बगदाद, काबूल येथे शोधतो, आफाकी होऊ पाहतो. शेख-सय्यद-मोगल-पठाण ही उतरंड चाकणच्या कत्तलीइतकीच जुनी आहे आणि आमच्या कथांतून तिच्यावर फारसे लिहिले जात नाही.

सातवीच्या वर्गात बहमनी शिकवताना एका मुलाने आम्हाला विचारले, “सर, हम लोग किसकी तरफ थे?” आम्ही त्याला चाकणची गोष्ट सांगितली. ती संपली तरी त्याचे समाधान झाले नाही, कारण त्याला बाजू हवी होती. त्याचे आडनाव शिकलगार. सैकल म्हणजे पात्याला जिल्हई देणे. ते काम करणारा सैकलगर, आपला शिकलगार. शेकडो मराठी कादंबऱ्यांत लाखो तलवारी उपसल्या गेल्या, पण त्यांना धार लावणारा हा माणूस पात्र म्हणून आम्हाला एकीतही आठवत नाही. चाकणच्या वेढ्यात आतल्या आणि बाहेरच्या तलवारींना धार कोणी लावली असेल, असे आम्ही त्या मुलाला उलट विचारले. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “दादा के पास चक्का था. बिक गया.”