मेट्रोपोलिस

जर्मन विज्ञानकल्पित मूकपट (१९२७). दिग्दर्शक फ्रिट्स लांग. मालक-कामगारांचा संघर्ष सहृदयतेने मिटतो, हा त्यातील बोध आज भाबडा वाटतो, एच्. जी. वेल्सने तर प्रदर्शनाच्या वर्षीच चित्रपटाची खिल्ली उडविली होती. तथापि पाळी बदलताना माना खाली घालून एका ठेक्यात चालणारे कामगारांचे तांडे आणि शूफटानच्या आरशांच्या तंत्राने छोट्या प्रतिकृतींत माणसे मिसळून उभारलेले नगर यांचा प्रभाव ओसरलेला नाही. ब्रिगिटे हेल्मचा भडक अभिनय यंत्रनिर्मित मारियाला शोभतो, खऱ्या मारियाच्या भूमिकेत मात्र खटकतो. कथानकातील पुष्कळसा तुटकपणा हा कात्रीचा दोष होय : २००८ मध्ये ब्वेनस एअरीझ येथे सापडलेल्या प्रतीतील सु. २५ मिनिटांचा गाळलेला भाग २०१० मध्ये पुन्हा जोडला गेल्यावर दुय्यम पात्रांच्या वागण्याची संगती लागते.