पोस्टकार्डांवरील गेवांटहाऊस : एका संगीतगृहाच्या दृश्य स्मृतीची चिकित्सा

जर्मनीतील लाइपझिग शहराचे दुसरे गेवांटहाऊस ११ डिसेंबर १८८४ रोजी खुले झाले आणि १९४३-४४ च्या बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले. आज बहुतेकांना या वास्तूचा परिचय होतो तो जुन्या चित्रपोस्टकार्डांतूनच. त्यामुळे ही कार्डे इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय आहेत, हा प्रश्न केवळ संग्राहकांपुरता मर्यादित राहत नाही. अशी कार्डे सरसकट ‘युद्धपूर्व’ या एकाच सदराखाली ठेवली जातात. हे वर्गीकरण सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे.

गेवांटहाऊस म्हणजे कापड व्यापाऱ्यांचे भवन. १७८१ मध्ये अशा भवनात पहिले संगीत सभागृह सिद्ध झाले आणि तेच नाव पुढील वास्तूंनाही लाभले. दुसऱ्या वास्तूचा आराखडा मार्टिन ग्रोपियुस आणि हाइनो श्मिडेन यांचा. त्यांपैकी ग्रोपियुस १८८० मध्येच निवर्तले. पूर्ण झालेली वास्तू त्यांना पाहता आली नाही. वास्तूची खरी कीर्ती मात्र दर्शनी भागाची नसून नादाची होती. लांबट, अरुंद आणि उंच पेटीसारख्या तिच्या मुख्य सभागृहाचा आदर्श समोर ठेवूनच १९०० मध्ये अमेरिकेतील बॉस्टनचे सिंफनी हॉल उभे राहिले. पोस्टकार्ड नेमके येथेच मुके ठरते. सभागृहाच्या अंतर्भागाच्या कार्डांवरून प्रमाणबद्धतेची कल्पना येते, नादाची येत नाही.

कार्डाचा काळ ठरविताना चित्रापेक्षा मागील बाजू अधिक बोलकी असते. जर्मनीत १९०५ पूर्वी मागील बाजूवर फक्त पत्ता लिहिण्याची मुभा असल्याने मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहावा लागे. त्यानंतर मागील बाजूचे दोन भाग झाले. रंगांवर तर मुळीच विसंबू नये. कृष्णधवल छायाचित्रावर छापखान्यात रंग चढविले जात आणि आकाश हवे तितके निळे करता येई. शिवाय जुन्या छायाचित्राचे कार्ड पुढे अनेक वर्षे विकले जाऊ शकते. म्हणून टपालाचा शिक्का हा कार्ड पाठविल्याचा पुरावा असतो, दृश्याच्या वर्षाचा नव्हे.

हा भेद सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो तो इमारतीसमोरील पुतळ्याच्या बाबतीत. १८३५ मध्ये गेवांटहाऊसच्या वाद्यवृंदाची धुरा स्वीकारणारे आणि १८४३ मध्ये लाइपझिगचे संगीत विद्यालय स्थापन करणारे फेलिक्स मेंडेल्सझोन यांचे स्मारक १८९२ मध्ये येथे उभारले गेले. मेंडेल्सझोन जन्माने ज्यू होते. नोव्हेंबर १९३६ मध्ये महापौर कार्ल गोर्डेलर परदेशी गेले असताना नाझी उपमहापौरांनी तो पुतळा हटविला. पुतळा परत बसविता येत नाही असे दिसताच गोर्डेलर यांनी पदत्याग केला. पुढे हिटलरविरोधी कटातील सहभागाबद्दल १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली.

म्हणजे पुतळ्यासह दिसणारे गेवांटहाऊस आणि पुतळ्याविना दिसणारे गेवांटहाऊस, दोन्ही ‘युद्धपूर्व’च. पहिली हानी बाहेरून आलेल्या विमानांनी केली नव्हती. ती नगरपालिकेतूनच झाली, आणि तीही युद्धाच्या तीन वर्षे आधी. सरसकट लावलेली ‘युद्धपूर्व’ ही चिठ्ठी हा क्रमच पुसून टाकते आणि १९३९ पूर्वीचे सारे निष्पाप ठरविते. स्मरणरंजनाचा हा दोष क्षुल्लक मानता येणार नाही.

याहून अवघड प्रश्न अनुपस्थितीचा आहे. संगीत संचालक ब्रुनो वाल्टर, तेही ज्यू, यांचा कार्यक्रम मार्च १९३३ मध्ये याच सभागृहात रोखण्यात आला आणि त्यांना जर्मनी सोडावी लागली. १९३२ आणि १९३४ ची छायाचित्रे शेजारी ठेवली तरी या घटनेची खूण त्यांत सापडणार नाही. पुतळा हलविला की चित्रात पोकळी दिसते. माणूस हाकलला तर दर्शनी भाग जसाच्या तसा राहतो. कार्डाचा अभ्यास करणाऱ्याने कार्यक्रमपत्रिका आणि वृत्तपत्रेही वाचली पाहिजेत, ती या कारणासाठी.

युद्धानंतर अवशेष दोन दशकांहून अधिक काळ उभे होते. १९६८ मध्ये पूर्व जर्मन राजवटीत ते पाडण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात शहरातील विद्यापीठाचे पाउलिनर चर्चही सुरुंगाने उडविण्यात आले. तिसरे गेवांटहाऊस १९८१ मध्ये वेगळ्या जागी, तेव्हाच्या कार्ल मार्क्स चौकात उभे राहिले. जुन्या जागेवर आता विद्यापीठाच्या मानव्यविद्यांची इमारत आहे. मेंडेल्सझोन यांच्या स्मारकाची प्रतिकृती २००८ मध्ये उभारण्यात आली, परंतु ती थोमास चर्चजवळ. तिच्या नव्या कार्डांवर पार्श्वभूमीला बाखचे चर्च दिसते. गेवांटहाऊस आणि मेंडेल्सझोन एकत्र पाहावयाचे तर १९३६ पूर्वीच्या छायाचित्राकडेच जावे लागते.