डॉक्टरसाहेबांचे नाव

दिवाळीच्या दिवसांत मुंडकी उडवण्याचा विषय काढल्याबद्दल घरोघरच्या गृहिणींनी मला क्षमा करावी. दोष माझा नाही, बाइंडरचा आहे. माझ्या कादंबरीची बांधणी बदलापुरात चालली होती आणि कामाला उशीर का होतो हे पाहायला मी तिथे गेलो. जाडजूड पाते वरून खाली आले, आणि शंभरेक प्रतींच्या कडा लोण्यासारख्या कापल्या गेल्या. "मास्तर, हात लांब ठेवा. गिलोटीन आहे हे," बाइंडर म्हणाला. पोट भरण्याच्या साधनाविषयी माणूस ज्या मायेने बोलतो, त्याच मायेने तो बोलत होता.

गिलोटीन शब्दाचा अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. संसदेच्या बातम्या वाचणाऱ्याला तर तो दर अर्थसंकल्पात भेटतो. ठरलेली मुदत संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेवाचून एकदम मताला टाकायच्या, त्याला गिलोटीन म्हणतात. 2018 साली लोकसभेत सगळ्याच खात्यांच्या मागण्या अशा एका घावात मंजूर झाल्या. असो. अर्थाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती या शब्दाच्या जन्मकथेबद्दल, आणि ती चुकीची सांगणाऱ्यांत मीही एक आहे.

अंबरनाथच्या शाळेत मी दहाबारा वर्षे मुलांना ठासून सांगत आलो की, डॉक्टर गियोतँ यांनी हे यंत्र शोधले आणि शेवटी त्यांचेच डोके त्याखाली गेले. करावे तसे भरावे! मुले खूश होत, मीही खूश होई. गोष्ट फार गोळीबंद आहे. तिच्यात एवढेच वैगुण्य की ती साफ खोटी आहे.

जोझेफ इग्नास गियोतँ हे पॅरिसचे डॉक्टर आणि 1789 च्या राष्ट्रसभेचे सभासद. त्या काळी फ्रान्समध्ये मरणातही जातिभेद होता. सरदाराला तलवार, गरिबाला दोर, आणि काही अभाग्यांना चाकावर बांधून हाडे मोडण्याची शिक्षा. गियोतँ मुळात देहान्त शिक्षेच्याच विरुद्ध होते. ती रद्द होत नसेल तर निदान सर्वांना एकसारखी आणि यातनेवाचून द्या, एवढेच त्यांचे मागणे. भाषणाच्या भरात ते बोलून गेले की, माझ्या यंत्राने डोके क्षणात उडेल आणि तुम्हाला कळणारही नाही. सभेत हशा पिकला. राजपक्षाच्या एका पत्राने लगेच विडंबनगीत छापले आणि यंत्राला डॉक्टरांचे नाव चिकटवले. म्हणजे यंत्र उभे राहण्याआधीच त्याचे बारसे झाले होते, आणि तेही थट्टेत! नावाला शेवटी एक अक्षर जोडून फ्रेंचांनी ते स्त्रीलिंगी केले. जणू डॉक्टरांची लेकच.

यंत्राचा आराखडा केला आंत्वान लुई या दुसऱ्याच डॉक्टरने आणि ते बांधले श्मिट नावाच्या वाद्ये बनवणाऱ्या कारागिराने. 25 एप्रिल 1792 ला त्याखाली पहिला बळी गेला, तो एका वाटमाऱ्याचा. सुरुवातीला लुईच्या नावावरून 'लुइझेत' हे नाव निघाले होते, पण ते टिकले नाही. विडंबनगीत टिकले. 1784 साली मेस्मरच्या मोहिनीविद्येची तपासणी करण्यासाठी नेमलेल्या मंडळात बायी आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे गियोतँचे सहकारी होते. 1793 आणि 1794 मध्ये ते दोघेही या यंत्राखाली गेले. मित्रांची डोकी आपल्या नावाखाली पडताना पाहणे डॉक्टरांच्या नशिबी आले. त्यांना स्वतःला मात्र 1814 साली काळपुळीने, अंथरुणात मरण आले.

डिकन्सने 1859 च्या आपल्या कादंबरीत या यंत्राला रक्ताला चटावलेल्या बाईचे रूप दिले. ते वाचून अंगावर काटा येतो. पण बापाची बाजू त्याने मांडली नाही, ही मला त्या थोर पुस्तकातली उणीव वाटते.

आपल्याकडचा घाशीराम घ्या. पुण्याच्या या कोतवालाने तेलंगी ब्राह्मणांना कोंडले, कित्येक गुदमरून मेले, आणि 1791 च्या ऑगस्टमध्ये लोकांनी त्याला दगडांनी ठेचले. त्याचे नाव जुलमाला चिकटले ते कृत्यामुळे, तेव्हा त्यात अन्याय नाही. पण त्याला कोतवाली ज्यांच्या कारभारात मिळाली, ते नाना फडणवीस साडेतीन शहाण्यांतले अर्धे म्हणून मिरवतातच ना? 1972 च्या नाटकात तेंडुलकरांनी नेमके हेच बोट ठेवले. भाषा निकाल देते, पण सगळे आरोपी तिच्यापुढे उभे नसतात.

यंदा खरी गोष्ट वर्गात सांगितली. डॉक्टरांच्या नातलगांनी यंत्राचे नाव बदला म्हणून सरकारकडे अर्ज केला, तो नाकारला गेला, आणि शेवटी त्यांनी स्वतःचेच आडनाव बदलले असे म्हणतात, हेही सांगितले. उल्हासनगरहून येणारी एक सिंधी मुलगी उठली. "सर, त्यांनी का बदलायचं? त्यांनी काय केलं होतं?"

मागच्या बाकावरून कोणीतरी "मेड इन यूएसए" म्हणाले आणि वर्ग हसला. आपल्याकडची ही थट्टा वाचकांना नवी नाही. उल्हासनगर सिंधी असोसिएशनची आद्याक्षरे, म्हणजे नकली माल! फाळणीनंतर घरदार सोडून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकीत राहिली. 1949 साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. लोणची, पापड, कापड, जे जमेल ते करून त्यांनी शहर उभे केले. त्या शहराच्या नावाला कोणाच्या तरी विनोदाचे शेपूट लागले, आणि ते आता या तेरा वर्षांच्या पोरीच्या मागे बाकापर्यंत आले होते.

मी त्या मुलाला उभे केले, पण रागावू कसा? ती थट्टा मी स्वतः शिक्षकांच्या खोलीत केली आहे. मुलगी उत्तरासाठी उभीच होती. "काही नाही केलं," मी म्हणालो. ती बसली.

'करावे तसे भरावे'वरचा निबंध मी फळ्यावरून पुसला. डॉक्टरांच्या डोक्याची गोष्टही आता सांगत नाही. तास थोडा नीरस होतो.