जुना पैलवान भारी की नवा? आधी नियम सांगा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कुस्तीचा विषय निघाला की दहा मिनिटांच्या आत एक वाक्य येतंच : ‘आताच्या पैलवानात तो दम नाही राह्यला.’ मग खुराकाचे आकडे येतात. दूध शेरात, तूप वाटीत, जोर-बैठका हजारात. समोर माझ्या वयाचं कुणी असेल तर तोही गप्प बसत नाही. तो म्हणतो, ‘तुमचे जुने पैलवान आजच्या मॅटवर दोन मिनिटं टिकले नसते.’ दोघंही पेटतात. चहा संपतो, वाद संपत नाही.

मला हे दोन्ही दावे सारखेच लंगडे वाटतात. ‘भारी’ म्हणजे कोणत्या नियमाने भारी, हे दोघांपैकी एकही जण सांगत नाही. कुस्तीत नियम बाजूला काढला तर ‘भारी’ या शब्दात फार काही उरत नाही.

आधी जुन्यांच्या बाजूचं बघू. जुन्या पैलवानांच्या गोष्टी हा मराठीतला एक पक्का कथाप्रकार आहे आणि त्याचे ठरलेले साचे आहेत. नायक गरिबाघरचा असतो. वस्ताद कडक असतो. राजा किंवा संस्थानिक त्याच्या पाठीवर हात ठेवतो. आणि नायक हरत नाही. हरला तर आदल्या रात्री त्याला ताप आलेला असतो. त्या काळातले पराभव लोकांच्या आठवणीत राहिले नाहीत, कारण ते राहावेत असं कुणालाच वाटत नव्हतं. आजच्या पैलवानाला ही सवलत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची कुस्ती झाली. बाहेरच्या टांगेवर दिलेले चार गुण बरोबर की चूक, यावर अख्खा महाराष्ट्र तो व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, हळू करून बघत होता. अशी तपासणी १९६० सालच्या एखाद्या मैदानाची झाली असती, तर किती दंतकथा टिकल्या असत्या? एका बाजूला गाळून घेतलेली आठवण आणि दुसऱ्या बाजूला न गाळलेलं फुटेज, अशी ही तुलना आहे. तिचा निकाल आधीच ठरलेला असतो.

पण नियमांचा मुद्दा याहून मोठा आहे. त्यासाठी गामाकडे जावं लागतं.

१९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोरासमोर आले. झिबिस्को वजनाने जास्त होता. गामाचा वेग लक्षात आल्यावर तो मॅटला चिकटून पालथा पडला आणि तसाच पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ कुस्ती चालली आणि बरोबरीत सुटली. अठरा वर्षांनी, १९२८ मध्ये, हेच दोघं पटियाळ्यात पुन्हा भिडले. या वेळी हिंदुस्थानी पद्धतीचा मातीचा आखाडा होता. कुस्ती एका मिनिटाच्या आत संपली. गामा जिंकला.

दोघंही जवळपास एकाच वयाचे होते. एकदा अडीच तासांत निकाल नाही आणि एकदा मिनिटभरात निकाल. यातल्या कोणत्या कुस्तीने गामा आणि झिबिस्को यांच्यातलं ‘खरं’ अंतर दाखवलं? माझ्या मते दोन्हींनी दाखवलं, पण प्रत्येकीने आपापल्या नियमातलं. तीच दोन माणसं, पण जमीन, नियम आणि वय बदलल्यावर निकाल इतका बदलत असेल, तर शंभर वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोघांचा निकाल चहाच्या टपरीवर कसा लागणार?

नियम शरीर घडवतात, ही गोष्ट आपण विसरतो. मातीतल्या जुन्या कुस्तीला गुण नव्हते. पाठ टेकली की संपलं, नाहीतर पंच बरोबरीत सोडवेपर्यंत चालू. अशा खेळात दम राखून ठेवणारा, समोरच्याला दमवणारा, पकडीत ठेवून जिरवणारा पैलवान तयार होतो. मॅटवरची फ्रीस्टाइल आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची आहे, मध्ये तीस सेकंद विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर काढलं तरी गुण मिळतो. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. स्वस्थ राहिलात तर पंच ताकीद देतात. झिबिस्कोने १९१० मध्ये जे केलं ते आज केलं तर त्याचे गुणच जात राहतील. त्यामुळे आजचा पैलवान स्फोटक असतो, पायांवर हलका असतो आणि डोक्यात घड्याळ ठेवून लढतो. त्याला ‘दम नाही’ म्हणणं म्हणजे शंभर मीटर धावणाऱ्याला मॅरेथॉन येत नाही म्हणून नावं ठेवण्यासारखं आहे. उलटा टोमणाही तितकाच फुकट आहे.

आता आमच्या जिल्ह्याबद्दल. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यात महाराष्ट्र केसरीची गदा बुलढाण्याच्या नावावर आली. बाला रफिक शेखने आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके याला ११-३ अशा गुणांनी हरवलं. आम्हाला आनंद झाला, व्हायलाच हवा होता. पण बाला मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला. घडला तो कोल्हापूर आणि पुण्याच्या तालमींत. बुलढाण्याकडून तो खेळला. विदर्भाची स्वतःची व्यायामपरंपरा मोठी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पण महाकाय पैलवानांच्या आमच्या दंतकथा बहुतेक कोल्हापूरहून उसन्या आणलेल्या. २०१८ ची गदासुद्धा थोडी तशीच.

तरीही त्या फायनलने वादातली एक लाडकी समजूत मोडली. बाला माती विभागातून आलेला, कटके गादी विभागातून. फायनल गादीवर झाली आणि मातीचा पैलवान गुणांवर, म्हणजे ‘नव्या’ पद्धतीने, मोठ्या फरकाने जिंकला. शिवाय बाला हा कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीचा, गणपतराव आंदळकरांचा पठ्ठ्या. आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेले होते. १९६० चे हिंद केसरी आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य आणणारा तो माणूस. जुना पैलवान विरुद्ध नवा पैलवान ही लढत आपण डोक्यात लावत बसतो, आणि प्रत्यक्षात जुना पैलवान नव्याला शिकवून गेलेला असतो.

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे कुणी ना कुणी विचारतंच : ‘मग कॉम्प्युटरला विचारू ना!’ हेही करून झालं आहे, तेही बॉक्सिंगच्या हेवीवेट गटात. रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळून एकही न हरता निवृत्त झालेला. मुहम्मद अली त्याच्या नंतरच्या पिढीचा, उंच आणि वेगवान. १९६९ मध्ये दोघांना रिंगणात आणून वेगवेगळे प्रसंग चित्रित केले आणि शेवट कॉम्प्युटरच्या हिशोबावर ठरवला असं सांगितलं. १९७० मध्ये अमेरिकेत सिनेमा लागला तेव्हा तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. प्रेक्षक बदलला तसा कॉम्प्युटरचा निकाल बदलला. आज असं कुणी केलं तर आम्ही त्याला बग म्हणणार नाही, मार्केटिंग म्हणू.

बुद्धिबळातली एलो रेटिंगची पद्धत प्रामाणिक आहे, पण तिलाही हा प्रश्न सुटत नाही. एलो आकडा तुमची ताकद मोजत नाही. ज्यांच्याशी तुम्ही खेळता त्या घोळक्यात तुम्ही कुठे आहात, एवढंच तो सांगतो. दोन काळांचे आकडे जोडायचे तर मधल्या लढतींची साखळी लागते : अमुक तमुकशी लढला, तमुक त्याच्या पुढच्याशी. कुस्तीत ही साखळी नेमकी कमजोर जागी तुटते. नवा पैलवान जुन्याला हरवतो तेव्हा जुना बहुतेक उतरणीवर असतो. त्या निकालातून नव्याची ताकद कळली की जुन्याचं वय?

म्हणून तुलना करायचीच असेल तर प्रश्न तीन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. एक : आजच्या नियमांत, आजच्या मॅटवर कोण जिंकेल? इथे माझा कौल नव्याला आहे. सराव, आहार, फिजिओ, व्हिडिओ बघून केलेली तयारी, सगळं त्याच्या बाजूने आहे. दोन : मातीत, वेळेची मर्यादा नसताना कोण जिंकेल? इथे जुन्यावर पैसे लावायला मी तयार आहे. तीन : आपापल्या काळातल्या लोकांच्या किती पुढे कोण होता? मला खरा प्रश्न हाच वाटतो आणि तो सर्वांत अवघड आहे. १९६२ मध्ये जकार्तात मारुती माने यांनी ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य आणलं. तेव्हा उझबेकिस्तान, कझाकस्तान हे देश सोव्हिएत संघात होते, म्हणजे आशियाई स्पर्धेत नव्हतेच. १९९४ पासून ते आले आणि आशियाचं पदक कितीतरी महाग झालं. पण माने-आंदळकरांची पिढी मातीत वाढून परक्या मॅटवर उतरत होती, हेही त्याच तराजूत टाकावं लागेल. दोन्ही वजनं टाका. मग काटा कुणाच्याच बाजूला झटकन झुकत नाही.

या वादात एक तिसराच माणूस कायम हरतो, तो म्हणजे हलका पैलवान. आपली गदा वरच्या वजनासाठी. दंतकथाही त्याच वजनाच्या. पण जगाच्या मॅटवर महाराष्ट्राला मिळालेलं बघा. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला मॅटवर उतरून सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्य घेऊन आले. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी, बॅरिस्टर खर्डेकरांनी, घर गहाण ठेवलं होतं. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळवलं. नरसिंग यादवने २०१५ मध्ये ७४ किलोत. आणि १२५ किलोच्या गटात? टोकियोचं ऑलिंपिक सुवर्ण अमेरिकेच्या गेबल स्टीव्हसनने नेलं, पॅरिसचं जॉर्जियाच्या गेनो पेट्रियाश्विलीने. खाशाबांनंतर महाराष्ट्राला कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही.

जुना महाकाय भारी की नवा महाकाय, यावर आपण दोन तास भांडतो तेव्हा या यादीतलं एकही नाव तोंडात येत नाही. मेहकर किंवा चिखलीच्या बाजूच्या एखाद्या गावातला ५५ किलोचा चपळ पोरगा हे भांडण ऐकत असतो. त्यातून तो एकच गोष्ट शिकतो : पैलवान व्हायचं तर वजन वाढवायला हवं. मग तो खातो, फुगतो, मंदावतो, आणि दोन-तीन वर्षांत जत्रेतल्या मधल्या जोडांमध्ये विरून जातो. गामाबद्दल आपण चुकीचं बोललो तर गामाचं काही बिघडत नाही. त्या पोराचं बिघडतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं की जुन्यांचा दम नव्यांत नाही, तर त्याला तीन गोष्टी विचारा. किती मिनिटं? माती की मॅट? आणि किती किलो? पहिल्या दोन प्रश्नांवर तो नक्की भांडेल. तिसऱ्यावर थोडा थांबेल. तिथून पुढचं बोलणं ऐकण्यासारखं असेल.